चाळलेली राख

माझे वडील सोनं तपासायचे. घडवायचे नाहीत, विकायचे नाहीत, नुसतं तपासायचे. कलकत्त्याच्या एका सरकारी खात्यात त्यांची ही नोकरी होती आणि पुण्याच्या आमच्या नातेवाइकांना ती शेवटपर्यंत कळली नाही. म्हणजे सराफीच ना, असं विचारायचे. बाबा हो म्हणून मोकळे व्हायचे. समजावत बसायचा त्यांना भारी कंटाळा, आणि तो जसाच्या तसा माझ्यात उतरला आहे.

पण ते समजावल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून सांगून टाकते. दगडाची भुकटी घ्यायची, ती शिशाच्या भुकटीबरोबर वितळवायची. तो शिशाचा गोळा एका छोट्या पांढऱ्या वाटीत ठेवून भट्टीत सरकवायचा. वाटी सगळं शिसं पिऊन टाकते आणि तळाशी टाचणीच्या डोक्याएवढा मणी उरतो. तो तोलायचा, की कळलं दगडात सोनं किती. बस्स, एवढंच. फक्त ती वाटी मातीची नसते. ती हाडांच्या राखेची असते. गुरामेंढरांची हाडं जाळायची, कुटायची, चाळायची, आणि त्या राखेच्या वाट्या पाडायच्या.

हे आईला लग्नानंतर किती दिवसांनी कळलं मला माहीत नाही. कळलं तेव्हा तिनं काय केलं ते मात्र मी जन्मापासून बघत आले. भवानीपूरला आमच्या दोन खोल्या होत्या आणि जिन्याच्या वळणावर एक नळ होता. बाबांनी ऑफिसातून आल्यावर त्या नळाखाली अंघोळ करायची, पौष-माघातसुद्धा, आणि मगच उंबरठा ओलांडायचा. त्यांचे कपडे आई काठीनं उचलून वेगळ्या बादलीत टाकायची आणि वेगळे धुवायची. ‘हाडं माझ्या घरात यायची नाहीत,’ एवढंच तिचं म्हणणं. बाबा कुडकुडत हसायचे. शेजारच्या बंगाली काकू म्हणायच्या, तुमच्या आईला वेड लागलंय. मलाही तसंच वाटायचं.

एका हिवाळ्यात बाबांच्या ऑफिसात डागडुजी निघाली. वाट्या पाडून महिनोन्‌महिने सुकवाव्या लागतात, काम अडायला नको, म्हणून त्यांनी राखेचं पोतं आमच्या गच्चीवर आणलं. आई आठ दिवस गच्चीवर फिरकली नाही, पापडसुद्धा शेजारणीच्या गच्चीत वाळवले. मी मात्र वरच असायचे. राख कशी भिजवायची ते मला बाबांनी शिकवलं. मुठीत दाबली तर लाडवासारखी वळली पाहिजे, पण हाताला लागता कामा नये. आणि त्याआधी चाळायची, एकदा नाही, तीनदा. एवढासा खडा राहिला तरी भट्टीत वाटी तडकते, असं ते म्हणायचे. मी चिमूट घेऊन बोटांत चोळायचे आणि खडा लागला की परत त्यांच्याकडे द्यायचे. त्या राखेला वास नाही. बोटांतून ती मैद्यापेक्षा अलगद निसटते. एकदा हाताला कळली की विसरत नाही.

स्वातंत्र्य मिळाल्यावर दोनेक वर्षांनी बाबांनी सरकारी नोकरी सोडली आणि सुदानला निघाले. तिथे लाल समुद्राच्या अलीकडच्या वाळवंटात, डोंगरांमध्ये, एका इंग्रज कंपनीची सोन्याची खाण होती आणि तिला तपासनीस हवा होता. आईनं विचारलं, इथे काय कमी आहे. ते म्हणाले, जन्मभर सोनं तपासलं, ते येतं कुठून ते एकदा बघून येतो. तीन वर्षांचा करार होता. खिदिरपूरच्या गोदीवर आम्ही त्यांना पोचवायला गेलो. माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ, त्याच गोदीच्या ऑफिसात होते, त्यांनी आम्हाला थेट जहाजाच्या शिडीपर्यंत नेलं. शिडी चढताना बाबांनी मागे वळून पाहिलं की नाही, ते मला आठवत नाही. आठवायला हवं होतं.

पत्रं तीन-चार एकदम यायची. माझी शाळा बंगाली, त्यामुळे माझं मराठी वाचन अडखळत, पण आई मुद्दाम मलाच वाचायला लावायची आणि चुकले की सुधारायची. बाबांनी त्या वस्तीचं इतकं बारीक वर्णन केलं होतं की डोळे मिटून मी तिथे फिरले असते. पत्र्याच्या छपरांची वीसेक घरं. दगड भरडण्याची गिरणी, तिचा आवाज दिवसभर. पाण्याची टाकी, टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. टाकीच्या मागे बाबांची भट्टीची खोली. खोलीमागे एकच काटेरी झाड. बाकी नजर पोचेल तिथवर दगड आणि वाळू. चहासुद्धा रॉकेलच्या स्टोव्हवर, कारण जाळायला काडी नाही.

आजूबाजूच्या डोंगरांत जुन्या खाणी होत्या. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी येऊन खणून गेलेलं. अरुंद बिळं, त्यात पोटावर सरपटावं लागे. बाहेर दगडी घरांची नुसती जोती उरलेली आणि जिकडेतिकडे जाती पडलेली, आपल्या जात्यासारखीच, मधून झिजून खोल झालेली. बाबांनी लिहिलं होतं, आमच्याआधी इथे एक गाव उठलंय. हे वाचल्यावर आई म्हणाली, जाती आहेत म्हणजे बायका होत्या. मी ते बाबांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं की ती जाती पीठ दळायची नव्हेत, दगड दळायची. आई म्हणाली, असोत, दळल्या बायकांनीच असणार. हा वाद दोन-तीन पत्रं चालला आणि त्याचा निकाल लागला नाही.

मग पत्र आलं की खाण बंद होते आहे. सोनं संपत आलं, आणि उरलंय ते काढणं परवडत नाही. लोक टोळ्याटोळ्यांनी परत चालले होते. तपासनिसाला मात्र शेवटी निघावं लागतं, कारण गिरणी मोडताना तिच्या फटीफटीतला गाळ खरवडून काढतात आणि त्यातही सोनं असतं, ते तपासायला माणूस हवा. बाबांनी लिहिलं होतं, आता आम्ही सात जण उरलो आहोत, संध्याकाळी रिकाम्या घरांचे पत्रे वाजतात, पण महिन्याभरात शेवटची गाडी निघेल. आईनं त्यांचे इथले कपडे उन्हात घातले.

त्यानंतर तार आली. दुपारची वेळ होती, आई तांदूळ निवडत होती. ताप, चार दिवसांचा. तार मीच वाचली, इंग्रजीत होती म्हणून, आणि मराठीत सांगितली. आईनं उरलेले तांदूळ निवडले. मी तिच्यासमोर बसून राहिले. मला रडू आलं नाही. पुढेही आलं नाही, आणि लोकांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. काही वाटतच नव्हतं, त्याला मी काय करू.

कंपनीचं पत्र नंतर आलं. अंत्यविधी सन्मानानं पार पडले, सामान बोटीनं पाठवत आहोत. काकांनी गृहीत धरलं की दहन झालं आणि सामानाबरोबर अस्थी येतील. तोवर थांबू म्हणाले. आई थांबली. पण ती कुंकू लावत थांबली, मंगळसूत्रही तसंच गळ्यात. एक महिना झाला, चार झाले. कलकत्त्यात मराठी घरं ती किती, सगळ्यांच्या तोंडी आमचंच घर. भटजी येऊन सांगून गेले की अस्थी मिळत नसतील तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात, शास्त्रात तशी सोय आहे. आई म्हणाली, ‘पानांचा माणूस मला नको.’ काका हात जोडून समजावायचे, वहिनी, त्यांना गती मिळायला नको का. ती उठून आत जायची. काकांची झोप उडाली होती. माझ्यासाठी स्थळं येऊन परत जात होती, कारण ज्या घरात गेलेल्याचं क्रियाकर्म व्हायचं आहे तिथे मंगलकार्य कसलं बोलता. हे सगळं मी बघत होते, दुसऱ्याच्या घरातलं बघावं तसं.

सातव्या महिन्यात ट्रंक आली. काकांनीच ती गोदीतून सोडवून आणली आणि आमच्या बाहेरच्या खोलीत उघडली. कपडे, चष्मा, तांब्या, आमची सगळी पत्रं दोरीनं बांधलेली. आणि तळाशी कापडात गुंडाळलेला पत्र्याचा एक गोल डबा. काकांनी झाकण काढलं. आत काठोकाठ राख, पांढुरकी. कुणी चिठ्ठी घातलेली नव्हती. काका मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. ‘दादा आला, वहिनी,’ म्हणाले.

आईनं डब्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, उद्या सकाळी जाऊ.

टॅक्सीत डबा तिच्या मांडीवर होता, पदर वरून घेतलेला. घाटावर भटजींनी मंत्र म्हटले. मला भाऊ नाही, त्यामुळे सगळं काकांनीच केलं. शेवटी त्यांनी मला हाक मारली, ये, तूही सोड, तुझ्यावर फार जीव होता त्याचा. माझ्या ओंजळीत त्यांनी मूठभर राख घातली.

ती बोटांतून निसटली. मी चिमटीत घेऊन चोळली, सवयीनं. एक खडा नाही, कोळशाचा कण नाही, हाडाचा तुकडा नाही. वस्त्रगाळ केलेली, तीनदा. माणसाला कोण चाळतं?

मी वर पाहिलं. काका गुडघाभर पाण्यात उभे होते, सात महिन्यांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. आई पायरीवर बसली होती आणि माझ्याकडे नाही, पाण्याकडे बघत होती. मी हात पाण्यात सोडले. मूग गिळून बसले म्हणतात ना, ते मी आयुष्यात एकदाच केलं, एरवी माझ्या तोंडाला खळ नसते. मेंढराची हाडं गंगेला दिली आणि त्यांना नमस्कार केला.

आईनं घाटावर अंघोळ केली. घरी आल्यावर जिन्यातल्या नळाखाली पुन्हा केली. डबा सोड्यानं घासला आणि नळाशेजारच्या कोनाड्यात, बाहेरच, पालथा घालून ठेवला. मग कुंकू पुसलं. सुतक म्हणून दोन अंघोळी, आणि डबा डोळ्यांसमोर नको म्हणून बाहेर, असं सगळ्यांनी धरलं. मीही तसंच धरलं.

पुढचं दीड वर्ष मला एकच भीती होती, आईला कळेल. तिनं पानांचा माणूस नाकारला होता. तिला खरा हवा होता, आणि तिला वाटत होतं तो मिळाला. शेजारच्या काकूंना ती सांगायची, गंगा मिळाली हो त्यांना, नशीब. तिचं ते समाधान माझ्या एका वाक्यानं मोडलं असतं. माझं लग्नही ठरत होतं तेव्हा, आणि खरं सांगते, मला त्याचं सुखदुःख काही नव्हतं. मी फक्त तोंड सांभाळून होते.

अशात एक पत्र आलं, हावड्याहून. बाबांच्या खाणीवर मोजणीचं काम करणारे एक बंगाली गृहस्थ होते, बाबांच्या पत्रांत त्यांचा उल्लेख असायचा, दोघं स्टोव्हवर मिळून खिचडी करायचे. ते कायमचे परत आले होते आणि रविवारी आईला भेटायला येणार होते. शेवटपर्यंत दादांबरोबर मी होतो, सगळं सांगायचं आहे, असं लिहिलेलं.

शनिवारी कॉलेज बुडवून मी ट्रामनं पूल ओलांडला आणि पत्ता शोधत त्यांच्याकडे गेले. उन्हानं रापलेला, वाळका माणूस. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आधी मला वेताचा मोडा दिला बसायला. मग मी विचारलं ते त्यांनी सांगितलं. दहन नव्हतं झालं. तशी बाबांची इच्छा होती, पण त्या मुलखात सरण रचायला लाकूड नव्हतं, आणि उन्हाळ्यात थांबणंही शक्य नव्हतं. पुरलं. मग ट्रंक कुणी भरली? त्यांनीच. बाबांच्या टेबलावर होतं नव्हतं ते सगळं त्यांनी ट्रंकेत घातलं. तो डबा? गाळ तपासायला शेवटच्या वाट्या पाडायच्या होत्या, त्यासाठी बाबांनी तापातच राख चाळून ठेवली होती. त्यांच्या हातचं शेवटचं काम, फेकवेना, म्हणून ठेवलं.

मी त्या राखेचं काय झालं ते सांगितलं. त्या माणसानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी म्हटलं, रडू नका, फक्त उद्या आईसमोर पुरल्याचं बोलू नका. त्यांनी शब्द दिला.

रविवारी सकाळी ते संदेश मिठाईची हंडी घेऊन आले. आईनं पोहे केले होते. ते बाबांच्या कामाबद्दल बोलले, खिचडीबद्दल बोलले, तापाचे दिवस आवरते घेतले. मला हायसं वाटू लागलं. आईनं त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि तिच्या मोडक्यातोडक्या बंगालीत, भाजीचा भाव विचारावा तसं, विचारलं:

‘त्यांना पुरलंत कुठे?’

ते माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे. आई म्हणाली, तिकडे बघू नका, मला सांगा. त्यांनीच लिहिलं होतं की चहापुरतीसुद्धा काडी मिळत नाही. मग माणूस कशानं जाळलात?

मग त्यांनी सांगितलं. सांगता येईना तेव्हा कागद मागितला. मी कॅलेंडरचं जुनं पान दिलं, त्याच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीनं नकाशा काढला. मोजणीचाच माणूस, हात बसलेला. टाकी, गिरणी, पत्र्याच्या घरांच्या दोन ओळी, भट्टीची खोली, काटेरी झाड, वर डोंगर आणि त्यातल्या जुन्या खाणींची बिळं. पत्रांतून मी जिथे फिरायचे तेच सगळं, जिथल्या तिथे. झाडापासून उत्तरेला चाळीस पावलांवर त्यांनी एक छोटा गोल काढला. इथे, बौदी, ते म्हणाले; बौदी म्हणजे वहिनी. खूण म्हणून डोक्याशी त्या जुन्या जात्यांपैकी एक आणून उभं केलं, लाकडाची खूण तिथे टिकली नसती.

आता तिथे कोण असतं, आईनं विचारलं. कोणी नाही, ते म्हणाले. शेवटची गाडी आमचीच. घरांचे पत्रे आणि दारं कंपनीनं काढून नेली, भिंती उभ्या आहेत. गिरणीचा नुसता चौथरा आहे. टाकी कोरडी. उंटवाले क्वचित जातात तिथून, पण मुक्काम करत नाहीत, पाणी नाही ना. हे सांगताना ते रडत होते. आई ऐकत होती आणि मी, मला काहीच होत नव्हतं.

ते गेल्यावर आईनं पेला आणि बशी उचलून ठेवली. तिनंच विचारलं, तुला कधी कळलं. घाटावर, मी म्हटलं, हातात घेतल्यावर. ती म्हणाली, मला डबा उघडल्या उघडल्या. वीस वर्षं कपड्यांतून धुतली ती राख, मला कळणार नाही? मग बोलली का नाहीस, मी विचारलं. जरा चिडूनच विचारलं, दीड वर्ष मी उगीच जीव मुठीत धरून काढलं होतं. तिनं नकाशावरून हात फिरवला. म्हणाली, काकांचा चेहरा पाहिला होतास? आणि तुझी स्थळं परत जात होती. पानांच्या माणसापेक्षा ती बरी. त्यांनी चाळलेली तरी होती.

ज्या बाईनं नवऱ्याला वीस वर्षं हाडांपायी नळाखाली उभं केलं, तिनं ती राख मांडीवर घेऊन घाटापर्यंत नेली होती, ती काय आहे हे माहीत असताना. हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. आणि कोनाड्यातला डबा का बाहेर होता, तेही.

आई उठली. जिन्यात जाऊन तिनं तो डबा घेतला आणि पदरानं पुसला. उंबरठ्याशी क्षणभर थांबली. मग तो घेऊन आत आली, नकाशाची घडी करून त्यात ठेवली, झाकण लावलं आणि देव्हाऱ्याच्या फळीवर, समईशेजारी ठेवला.

‘आत असू दे आता,’ ती म्हणाली. ‘बाहेर फार थंडी असते.’